त्यास्ना मसाला

४ मार्च

दिला! राजीनामा दिला! रेडिओवर पाच वर्षं दुसऱ्यांच्या जाहिराती वाचल्या, आता स्वतःच्या करणार. साहेब हसले आणि म्हणाले, "एप्रिलअखेरपर्यंत तुझी जागा भरत नाही, ज्योती. डोकं ठिकाणावर आलं की ये परत." म्हणजे यांनी मला आखाजीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत, मुदत दिली. बघाच आता.

स्टुडिओ म्हणजे जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घराची वरची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले. ते संपले तिथे माहेरच्या गोधड्या ठोकल्या. मध्ये एका बंद पडलेल्या कापड दुकानाची काच बसवली, तिच्या पलीकडे गाणाऱ्याने उभं राहायचं, अलीकडे मी आणि मशीन. सगळी उठाठेव भूषणने केली. नवरा असावा तर असा, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. भूषण, खिळे आण. भूषण, टेबल धर. भूषण, डोकं काढ मधून, काच फुटेल.

शेवटी तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "तू कधी नुसतं 'भूषण' म्हणून थांबली आहेस का? पुढे काम असतंच."

मी म्हटलं, "काम नसेल तर हाक कशाला मारायची?"

तो स्टुलावरून उठला. मग त्याने पंखा बसवला.

९ मार्च

गिऱ्हाईक आलं! आणि कसलं! धुळ्याच्या देवपुरातला 'सुकदेव मसाला'. पाकिटावर टोपीवाल्या म्हाताऱ्याचा फोटो असतो तोच. तो टोपीवाला स्वतः आज आमचा जिना चढून आला. सुकदेव नाना. सोबत बायको ताईबाई आणि सून मयुरी. धंदा आता मयुरीच बघते.

मयुरीने सरळ सांगितलं: आखाजीला जाहिरात गाजली, तर यांचे पापड, लोणची, कुरडया, सगळ्याचं वर्षभराचं काम माझ्याकडे. नाही गाजली तर नाही. मी तोंडावर अगदी शांत होते. आतून उड्या मारत होते.

धून तिथल्या तिथे सुचली. शब्द अहिराणीत, कारण मसाला खाणारे अहिराणी बोलतात आणि जाहिराती मात्र पुण्याच्या मराठीत ऐकतात. हे मला कधीचं खटकत होतं.

वास गया गल्लीमा, शेजारीन उनी दारमा,
रस्साले रंग उना, कोना हाऊ मसाला?
सुकदेव, सुकदेव, सुकदेव मसाला!

उना-उनी म्हणजे आला-आली, कोना हाऊ म्हणजे कोणाचा हा. जाहिरातीचा पहिला नियम: नाव तीनदा. माणूस बाकी सगळं विसरला तरी चालेल, नाव डोक्यात बसलं पाहिजे. नानांना पहिल्या दोन ओळी ठीक वाटल्या. तिसरी त्यांनी माझ्याकडून पुन्हा म्हणून घेतली, मग विचारलं, "कोन गाई हाई?"

मी गायिकांची नावं सांगायला लागले. नानांनी हात वर केला. "ताईबाई गाई. दुसरी कोनी नही."

आलं लक्षात. गायिकेचे पैसे वाचवायचे! मयुरी म्हणाली, सासूबाई आखाजीची गाणी गातात तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या बायका झोका सोडून ऐकायला येतात. सासूचं कौतुक सून करते आहे म्हणजे काहीतरी असणार. बघू या.

१२ मार्च

आवाज! काय आवाज आहे या बाईचा! उंच, मोकळा, काठाला थोडा खरखरीत. मी माईक दोन हात मागे नेला तरी मशीनवरचा काटा लाल पट्ट्यात जात होता. पहिली ओळ सुरेख. दुसरी त्याहून सुरेख. आणि तिसऱ्या ओळीला ताईबाई गप्प.

मला वाटलं विसरल्या. पुन्हा घेतलं. पुन्हा "कोना हाऊ मसाला?" पर्यंत आल्या आणि पदर दाताखाली धरून उभ्या.

"आक्का, पुढे नाव आहे ना."

"तेच ते शे ना, माय. त्यास्नं नाव माले लेता येत नही."

झालं! माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी घरात दिवसभर भूषणच्या नावाने ओरडते. हिला नवऱ्याचं नाव गाण्यातसुद्धा घ्यायचं नाही. त्या नानांना हाक कशी मारतात तेही मी ऐकलं. "मी काय म्हनस," एवढंच. नाना मात्र दिवसभर 'ताईबाई, पानी दे, ताईबाई, चष्मा कोठे शे' करत असतात.

मी म्हटलं, "लग्नात उखाणा घेतला असेल की!"

"लगीनमा मी तोंडच उघडं नही. मना बदलमा मनी बहीन बोलनी." ताईबाई खळखळून हसल्या. मयुरी हसली, मी हसले. नाना तेवढे हसले नाहीत. ते काचेला नाक लावून उभे होते आणि तिसऱ्या ओळीची वाट बघत होते. ब्रँडची केवढी ही काळजी!

मी सांगितलं, "आक्का, हे नवऱ्याचं नाव नाही असं समजा. दुकानाची पाटी वाचतोय असं समजा." त्यांनी मान डोलावली. गायल्या. नावाच्या जागी ताल न सोडता ठणकावून म्हणाल्या:

त्यास्ना, त्यास्ना, त्यास्ना मसाला!

त्यास्ना म्हणजे 'त्यांचा'. कोणाचा मसाला, तर त्यांचा. मी कपाळाला हात लावला. मयुरी गोधडीला टेकून हसत सुटली. नानांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आज राहू दे."

१७ मार्च

मार्ग काढला. ताईबाईंचं गाणं तसंच ठेवलं, नाव माझ्या आवाजात जोडलं. सांधा कुठे कळत नाही. भूषणला ऐकवलं, त्यालाही कळला नाही. मोठ्या थाटात देवपूरला पाठवलं.

संध्याकाळी नानांचा फोन. "नाव लेस तो आवाज कोना शे?"

"माझा, नाना."

"चांगला शे. काढी टाक."

पाच वर्षं या आवाजावर जळगावात पोट भरलं माझं! मी मयुरीला म्हटलं, मग तूच घे नाव. तर ती म्हणते, "मी कसं घेऊ? सासरे आहेत."

"अगं, एमबीए झालीस तू!"

"एमबीएला सासरे नव्हते."

आता आठवून बघितलं, तर खरंच, या पोरीने माझ्यासमोर एकदाही ब्रँडचं नाव घेतलेलं नाही. 'आपला मसाला' म्हणते. घरात एवढ्या बायका आणि नाव घेणारी एकही नाही, असा ब्रँड मी पहिल्यांदाच बघितला.

२१ मार्च

घात झाला. 

खानदेशात जाहिरात खरी चालते ती भोंग्यावर. रेडिओवर गोड वाटणारं गाणं रिक्षाच्या भोंग्यातून नुसतं घर्रघर्र येऊ शकतं. म्हणून मी नेहमी आधी धुळ्याच्या अय्युबचाचांकडे पाठवते. ते रिक्षावर लावून बघतात आणि सांगतात, बेटी, शब्द उठतो की बसतो. काल मी ताईबाईंची कच्ची क्लिप पाठवली, नुसता आवाज तपासायला. नावाशिवायची, त्यास्नावाली.

आज दुपारी चाचांचा फोन. "बेटी, एकदम झकास! सुबह से घुमा रहा हूँ. पूरा देवपूर हो गया, अब पांझरा का पूल पार करके गाव में जा रहा हूँ."

"चाचा! ती तपासायला होती!"

"हां तो तपास लिया ना. पब्लिक को पसंद है."

मयुरीचा फोन दोनदा वाजला. मी उचलला नाही. साहेबांचा नंबर शोधून ठेवलाय. भूषण म्हणाला, जेव तरी. जेवले नाही.

२४ मार्च

साहेबांचा नंबर गेला खड्ड्यात!

आज शेवटी मयुरीचा फोन घेतला. मी माफी मागायला सुरुवात केली, तर ती ओरडते, "ऐक, ऐक!" आणि तिने फोन खिडकीबाहेर धरला. गल्लीतली पोरं गात होती. अर्धी पोरं विचारत होती, कोना हाऊ मसाला? अर्धी बोंबलत होती, त्यास्ना, त्यास्ना!

दुकानात बायका येतात आणि म्हणतात, त्यास्ना मसाला द्या. दुकानदार विचारतो, कोणाचा? बाई म्हणते, अरे त्यास्ना! मग पाकिटावरच्या टोपीवाल्याकडे बोट करते. माल संपला म्हणून मयुरी गिरणीत बसून होती.

मी स्टुडिओत एकटीच नाचले. गोधडी एका खिळ्यावरून निसटली, पण नाचले.

३ एप्रिल

धुळ्याला गेले होते आणि जे बघितलं ते जन्मभर विसरणार नाही. देवपुरात एक वरात चालली होती आणि बँडवाल्याने माझी धून वाजवली! माझी! क्लॅरिनेटवर! खानदेशात बँडवर गाणं वाजलं म्हणजे ते लोकांचं झालं, मग कुणाच्या बापाचं राहत नाही.

पण गंमत पुढे आहे. बायका नाचत होत्या. कुणीतरी ओरडायची, "कोना हाऊ?" आणि एकेक बाई आपल्या नवऱ्याकडे बोट दाखवायची: "त्यास्ना!" नवरे लाजून माना खाली घालत होते. एक चांगली पोक्त बाई, नऊवारीतली, तिने रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसलेल्या तिच्या म्हाताऱ्याकडे बोट केलं आणि म्हातारा असा काही खुलला की मला वाटलं तोच नवरदेव आहे. तेव्हा कळलं, हे गाणं का चालतंय. यात प्रत्येकीला आपल्या माणसाचं नाव न घेता घेता येतं. मी हे ठरवून केलेलं नाही, पण कुणी विचारलं तर ठरवून केलं असंच सांगणार आहे.

नानांना भेटले. मला वाटलं, आनंदात असतील. चहा पाजला, गाणं चांगलं चाललंय म्हणाले. मग म्हणाले, "बठ्ठं चांगलं शे, बेटा. पन एकच गोट बाकी शे." आणि आत स्वयंपाकघराकडे बघितलं. आत ताईबाई मिरच्यांचे देठ खुडत होत्या.

"नाव ना?" मी म्हटलं.

"नाव," नाना म्हणाले.

जिल्हा नाचतोय आणि हा माणूस अजून नावावर अडून बसलाय. धंदेवाईक असावं तर असं.

१० एप्रिल

नानांचं बरोबर निघालं. मयुरीचं आणि माझं चुकलं.

बाजारात दुसऱ्या एकाने पाकिटावर टोपीवाल्या म्हाताऱ्याचा फोटो छापून माल उतरवलाय. दुकानदाराला सांगतो, हाच त्यास्ना. बाईने त्यास्ना मागितला की दुकानदार त्याचं पाकीट पुढे करतो. गाणं आमचं, गल्ला त्याचा! जाहिरातीत नावच नाही म्हटल्यावर आम्ही भांडणार कोणत्या तोंडाने?

मयुरीचे विक्रेते खवळलेत. आखाजीच्या आधी नावासकट गाणं वाजलं पाहिजे, नाहीतर करार विसरा, असं ती स्पष्ट म्हणाली. रागावून नाही, पण स्पष्ट. मी सुचवलं, नाव पुरुषाच्या आवाजात घालू. भटू नावाचा एक तमाशातला गडी आहे, असा आवाज की पत्रे हलतात. नमुना पाठवला.

नाना म्हणाले, "भटू मनी बायको शे का?"

भटूला मी नको म्हणून कळवलं.

१९ एप्रिल

साहेबांचा फोन. जागा महिनाअखेरपर्यंतच. "गाणं ऐकलं बरं का तुझं. कोणाचा मसाला आहे तो?" असं विचारलं आणि हसले. मी फोन ठेवला आणि रडले. हो, रडले. पहिल्यांदा आयुष्यात काहीतरी माझं असं झालं, सगळा खानदेश गातोय, आणि एका नावापायी ते हातातून जाणार.

भूषण जवळ येऊन बसला. मी म्हटलं, "भूषण, रुमाल दे." त्याने दिला.

मग मी देवपूरला फोन लावला आणि नानांना सगळं सांगून टाकलं. नोकरीची मुदत, करार, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिले लई येस. एकडाव आखो देखू." तिला घेऊन येतो, एकदा अजून बघू.

२६ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला त्याचा अर्थ लागत नाहीये.

दोघंच आले. मयुरीला आणलं नाही. ताईबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं, अबोलीचा गजरा होता. मी मशीन तयार ठेवलं होतं, माईक पुसून ठेवला होता. ताईबाई काचेपलीकडे गेल्या, माईकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरी, मी नाव लेस. पन तू मशीन बंद कर."

"आक्का, मशीन बंद केलं तर रेकॉर्डिंग कसं होणार?"

"ते माले माहीत नही. त्यास्ले आठे येऊ दे, आनि तू भाहेर बस."

मी नानांकडे बघितलं. म्हटलं, आता हे तरी समजावतील. नानांचा चेहरा काही वेगळाच झाला होता. म्हणाले, "कर बंद."

मनात म्हटलं, ठीक आहे, तालीम करतील. लाज मोडली की मग खरं घेऊ. बंद केलं. नाना आत गेले, दार लावून घेतलं. मी अलीकडे बसले. काचेतून दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. गोधड्या मी फारच चांगल्या ठोकल्यात.

ताईबाई आधी खाली बघत होत्या. मग वर बघितलं. ओठ हलले. गाणं नव्हतं ते, गाताना त्यांची मान डोलते, ती डोलली नाही. नानांनी टोपी काढली. कानाशी हात नेला, ऐकू न आल्यासारखा. ताईबाई हसल्या आणि ओठ पुन्हा हलले. नानांनी पुन्हा कानाशी हात नेला. यांना खरंच कमी ऐकू येतं का? फोनवर तर चांगलं येतं. ताईबाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली आणि तिसऱ्यांदा बोलल्या. मग नाना वळले आणि माझ्या माहेरच्या गोधडीकडे तोंड करून उभे राहिले, पाठमोरे. बराच वेळ.

बाहेर आले तेव्हा टोपी हातातच होती. "चाल, ताईबाई."

मी धावत जिन्यापर्यंत गेले. "नाना! अहो, रेकॉर्डिंग?"

"व्हयनं ना."

"कुठे झालं? मशीन बंद होतं!"

"मी आयकं ना, बेटा," नाना म्हणाले. आणि कठड्याला धरून हळूहळू उतरले. ताईबाई मागे, नानांची टोपी नीट करत.

मी वरच्या पायरीवर बसून राहिले. हातात काही नाही. एक सेकंदाचा आवाज नाही!

भूषणला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला, मग उठून भांडी घासायला लागला. आज त्याची पाळी नव्हती. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, काही नाही. ही दोन माणसं आणि हा तिसरा, सगळे मिळून मला वेड लावणार आहेत.

२८ एप्रिल

करार झाला!!

मयुरी स्वतः कागद घेऊन आली. परवा घरी गेल्यावर नानांनी तिला बोलावून सांगितलं, गाणं जसं शे तसं राहू दे, नाव नको. ती म्हणाली, मग त्या नकली टोपीवाल्याचं काय करायचं? नाना म्हणाले, "पाकिटवर ताईबाईना फोटो टाक. टोपी कोनी भी घाली. ताईबाई कोठून आनी?"

आणि खरंच! तिने आणलेल्या नव्या पाकिटाच्या नमुन्यावर ताईबाई आहेत, नानांकडे बोट दाखवताना. वर मोठ्या अक्षरात 'त्यास्ना', खाली नानांचं नाव. गाण्यातला प्रश्न आणि उत्तर एकाच चित्रात. आता बाई बरोबर हेच पाकीट मागणार, कारण दाखवणारी त्यावर आहे. जाहिरातीतलं मला कळतं, असं मी समजत होते.

मी मयुरीला विचारलं, "मग महिना-दीड महिना ते नावासाठी अडून का बसले होते? मला तर वाटलं, ब्रँड ब्रँड."

मयुरीने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. "ज्योतीताई," ती म्हणाली, "तुम्ही खरंच असं समजत होता?" आणि तिने विषय बदलला, कुरडयांचं गाणं कसं करायचं ते विचारलं.

साहेबांना कळवलं, जागा भरून टाका.

३० एप्रिल, आखाजी

सकाळपासून भोंगे चालू आहेत. आमच्या कॉलनीत लिंबाला झोका बांधलाय, माहेरवाशिणी आल्यात आणि आखाजीच्या गाण्यांत मध्येच माझं गाणं घुसवतायत. एक झोक्यावरून विचारते, खालच्या सगळ्या बोटं दाखवतात. मी गॅलरीतून बघत होते आणि आनंदाने नुसती फुगले होते. नळाला पाणी आलं होतं आणि टाकी भरून वाहत होती.

मी ओरडले, "भूषण, पाणी बंद कर!"

तो आतून आला. हात पुसत दारात उभा राहिला. पाण्याकडे गेलाच नाही.

"परत म्हण," म्हणाला.

"पाणी बंद कर."

"ते नाही. आधीचं."

मी त्याच्याकडे बघितलं. तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते, वाट बघत होते. आणि मला एकदम काचेपलीकडचे नाना दिसले. टोपी हातात घेतलेले. कानाशी हात नेलेले.

देवा, मी त्या काचेसमोर बसून मशीनचा विचार करत होते. ते पहिल्या दिवसापासून तेवढ्यासाठीच आले होते आणि मी त्यांना माझा आवाज देत होते, भटूचा देत होते.  खाली बायका गातच होत्या, टाकीचं पाणी भिंतीवरून उतरत शेजारच्यांच्या वाळवणापर्यंत पोचलं होतं.

"भूषण," मी म्हटलं. आणि पुढे काही काम सांगितलं नाही.